नव्वद सेंटिमीटर माती, साडेचार हजार वर्षं

शिशाला नव्वद सेंटिमीटर चिकणमाती ओलांडायला साडेचार हजार वर्षं लागतात! हे उत्तर माझ्या वहीत आलं तेव्हा रात्र बरीच झाली होती आणि घरात सांगायला कुणी जागं नव्हतं. भाच्याला फोन लावला. तो भूविज्ञानात एम.एस्सी. करतो आणि या सगळ्या वेडाचं मूळ तोच. "मावशी, झोप आता," एवढंच म्हणाला. त्याला यात नवल वाटत नाही. दुसऱ्या सत्राच्या अभ्यासक्रमात आहे म्हणे. अभ्यासक्रमात! इतकी विलक्षण गोष्ट या लोकांनी अभ्यासक्रमात दडवून ठेवली आणि माझ्यासारखीला साठी उलटेपर्यंत पत्ता लागू दिला नाही.

सांगते सगळं. थोडं मागेपुढे होईल, कारण अजून माझ्याच डोक्यात ते नीट लागलेलं नाही.

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. सासरच्या गावाजवळ घनकचऱ्याचा सामायिक प्रकल्प येऊ घातला आहे. त्याचा पर्यावरण अहवाल चांगला उशीएवढा जाड, आणि गावच्या मंडळींनी तो माझ्याकडे पाठवला. का, तर वहिनींना आकडे कळतात. कळतात खरे, पण एका परिशिष्टाशी माझी गाडी अडली. कचऱ्यात गेलेल्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मोडके मोबाइल यांतलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा जमिनीतून झिरपत भूजलापर्यंत कधी पोचेल आणि किती पोचेल, याचं भाकीत तिथं केलेलं होतं. शंभर वर्षांचा आलेख! आम्ही एका वर्षाच्या अंदाजपत्रकावर शेरे मारून थकणारी माणसं. आणि इथं कुणीतरी जमिनीच्या पोटातलं अख्खं शतक एका निळ्या रेघेत काढून मोकळं झालं होतं. अशी रेघ दिसली की तिच्यामागचं व्हाउचर मागायचं, ही माझी चाळीस वर्षांची खोड.

व्हाउचर भाच्यानं वहीच्या एका पानावर मांडून दाखवलं. तुम्हीही पेन्सिल घ्या. याची खरी मजा आकडे स्वतः मांडण्यात आहे.

आपल्याकडे २००० सालच्या घनकचरा नियमांत आणि पुढे २०१६ च्या नियमांतही कचराभूमीच्या तळाशी अस्तर कसं हवं ते लिहिलं आहे. दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई प्लास्टिकची चादर, तिच्याखाली नव्वद सेंटिमीटर दाबून बसवलेली चिकणमाती. या मातीतून पाणी सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त वेगानं झिरपता कामा नये. चादर कधीतरी कुठंतरी फाटणार असं धरून तिला सोडून देऊ. राहिली माती. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात. भागिले एक कोटी. म्हणजे वर्षाला ३.१५ सेंटिमीटर पाणी. पण पाणी मातीच्या कणांतून जात नाही, कणांमधल्या फटींतून जातं. फटींचा वाटा ४० टक्के धरला, तर त्या फटींतून पाण्याचा खरा वेग वर्षाला आठ सेंटिमीटरच्या आसपास येतो. नव्वद भागिले आठ. अकरा वर्षं आणि काही महिने.

अकरा! कागदोपत्री 'अभेद्य' म्हटलेलं अस्तर पाणी अकरा वर्षांत पार करतं. वर लिचेट, म्हणजे कचऱ्यातून निथळणारं काळं पाणी, तुंबून दाब वाढला, तर त्याच्याही आधी.

आता धातू. माती आणि पाणी एकत्र ठेवलं की विरघळलेल्या धातूचा काही भाग मातीच्या कणांना चिकटतो, काही पाण्यात राहतो. एक ग्रॅम मातीवर किती आणि एक मिलिलिटर पाण्यात किती, या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे केडी. एवढंच. एक आकडा. चिकटलेला धातू जागचा हलत नाही, पाण्यातला पाण्याबरोबर पुढे सरकतो, म्हणून धातूची सरासरी चाल पाण्यापेक्षा मंद. किती मंद? मातीची घनता १.६ भागिले फटींतलं पाणी ०.४, म्हणजे ४. त्याला केडीनं गुणा आणि एक मिळवा. चिकणमातीत शिशाचा केडी शंभर धरला (बहुतेक मातींत तो याहून बराच जास्त असतो) तरी उत्तर येतं ४०१. पाण्याला अकरा वर्षं आणि काही महिने, शिशाला त्याच्या ४०१ पट. साडेचार हजार वर्षं! मोहेंजोदडो भरात असताना निघालेलं शिसं आत्ता कुठं खालच्या काठाला टेकलं असतं.

मग मी तीच ओळ क्रोमियमसाठी लिहिली. क्रोमियमचं सहा संयुजेचं रूप, क्रोमेट, हा ऋणभारी आयन आहे. चिकणमातीचे कणही ऋणभारी. दोघं एकमेकांना झिडकारतात. केडी जवळजवळ शून्य. शून्य गुणिले चार अधिक एक. उत्तर एक. म्हणजे अकरा वर्षं, पाण्याच्या बरोबरीनं.

तीच माती, तेच अस्तर, तोच पाऊस. एका धातूला साडेचार हजार वर्षं आणि दुसऱ्याला अकरा! आणि हे सगळं वहीच्या एका पानावर मावतं! त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून वाचतच सुटले. माती धातूला धरून ठेवते हे कळलं कसं, तर शेणखतापायी. १८४५ च्या सुमारास यॉर्कशायरमधल्या एच. एस. थॉम्प्सन नावाच्या जमीनदाराला चिंता लागली होती की खतातला अमोनिया पावसानं धुऊन जातो. त्यानं मातीच्या स्तंभात वरून अमोनियम सल्फेटचं द्रावण ओतलं. खाली काय निघालं? जिप्सम! म्हणजे कॅल्शियम सल्फेट. अमोनियम मातीनं ठेवून घेतलं आणि त्याच्या बदल्यात स्वतःकडचं कॅल्शियम देऊन टाकलं. थॉमस वे या रसायनतज्ज्ञानं पुढे प्रयोगामागून प्रयोग केले आणि १८५० साली हे प्रकरण मांडलं: माती नुसती गाळत नाही, अदलाबदल करते. धनभारी आयन घेते, धनभारी आयन देते. मी वाचता वाचता उभीच राहिले. आपण जिला 'माती' म्हणून झटकून टाकतो तिच्यात क्षणोक्षणी हा व्यवहार चालू आहे, पुराव्यासकट, आणि तोही बरोबरीचा!

त्याच दशकात फ्रान्समधल्या दिजाँ गावी हेन्री दार्सी नावाचा अभियंता वाळूनं भरलेल्या उंच लोखंडी नळीतून पाणी सोडून मोजमाप घेत बसला होता. पाण्याची दोन टोकांमधली उंची जितकी जास्त तितकं पाणी जास्त, वाळूचा थर जितका जाड तितकं कमी. १८५६ साली त्यानं हे दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथाच्या परिशिष्टात छापलं. परिशिष्टात! आज जगातलं भूजलाचं प्रत्येक गणित त्या परिशिष्टावर उभं आहे. माझ्या अनुभवात खरी माहिती परिशिष्टातच असते, हे इथंही खरं ठरलं.

पण दार्सीची वाळू पाण्यानं पूर्ण भरलेली होती. कचऱ्याखालची माती तशी नसते. भूजलाच्या पातळीपर्यंत जो कोरडा-ओलसर पट्टा असतो, तिथं फटींमध्ये पाणीही असतं आणि हवाही. इथलं गणित १९३१ मध्ये लॉरेन्झो रिचर्ड्सनं मांडलं, आणि ते इतकं उफराटं आहे की मी भाच्याशी तासभर भांडले. ओल्या मातीपेक्षा कोरडी माती पाणी जास्त भराभर पिते असं आपण धरून चालतो ना? कोरड्या मातीची ओढ जास्त असते हे खरं, पण पाणी पुढे वाहून नेण्याची तिची ताकद मात्र लाखो पटींनी कमी असते, कारण मोठ्या फटी आधी रिकाम्या होतात आणि रिकाम्या फटीतून पाणी चालत नाही. त्यातून निघणारी गंमत बघा: बारीक मातीच्या खाली जाड खडीचा थर घातला, तर पाणी त्या खडीत शिरायला नाकारतं! बारीक मातीच्या इवल्या फटी ते धरून ठेवतात आणि वरची माती जवळपास तुडुंब भरल्याशिवाय खडीला थेंब मिळत नाही. खडीतून पाणी लगेच जाईल असं सांगणाऱ्या गवंड्याला हे पटवून बघा. मला अजून जमलेलं नाही.

आणि मग हायड्रस.

हायड्रस-१डी हा संगणकावर चालणारा प्रोग्राम आहे. फुकट. मातीचा उभा स्तंभ घ्यायचा, त्याचे बारीक थर पाडायचे, वरून पाऊस घालायचा, आत धातू सोडायचा आणि बघत बसायचं. आत रिचर्ड्सचंच समीकरण, आणि माती किती पाणी धरते, किती सोडते हे सांगणारं रीन व्हॅन गेनुख्टेनचं १९८० सालचं सूत्र. मला धाकधूक होती की यातलं कलनगणित माझ्या आवाक्याबाहेरचं असेल. आत डोकावले तर काय? प्रत्येक थर म्हणजे एक खातं! आरंभीची शिल्लक, वरून जमा, खाली खर्च, अखेरची शिल्लक. वरच्या थराचा खर्च तो खालच्या थराची जमा. आणि शेवटी, वाचकहो, तो प्रोग्राम स्वतःच ताळेबंद छापतो आणि ताळा न जुळल्यास किती टक्के चूक राहिली तेही छापतो! एवढं प्रामाणिक खातं मी नोकरीत क्वचित पाहिलं.

पहिल्यांदा मी त्यात सारखा, रोजचा, कंटाळवाणा पाऊस घातला आणि रेघ गुळगुळीत खाली गेली. मग आपला पाऊस घातला. चार महिने धो धो, आठ महिने कोरडे. पडद्यावर जे झालं ते बघून मी खुर्चीतून उठले. धातू पावसाळ्यात टप्प्यानं खाली उतरतो, दिवाळीनंतर थबकतो, आणि उन्हाळ्यात वरचा थर तापून पाणी वर ओढू लागला की थोडा वर सरकतो! पुन्हा मृग, पुन्हा खाली. वर्षाची सरासरी घेणाऱ्या अहवालाला हे दिसणारच नाही. गावच्या अहवालाच्या परिशिष्टात पाऊस वर्षाच्या सरासरीनं घातला होता. मी समासात पहिला शेरा मारला.

इथपर्यंत मी केडीच्या प्रेमात होते. एक आकडा, आणि शतकाचं भविष्य! भाचा नुसता हसायचा. शेवटी त्यानं मला हॅनफर्डची गोष्ट वाचायला दिली आणि माझं प्रेम पार वेगळ्याच वाटेला लागलं.

हॅनफर्ड अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी आहे. १९४३ साली अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी वसवलं. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथलं. त्याच्या दक्षिणेकडच्या टोकाला, '३०० एरिया' म्हणतात तिथं, अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचं इंधन घडवायचे. घडवताना निघालेलं युरेनियम आणि तांबं मिसळलेलं सांडपाणी नदीकाठच्या बिनअस्तराच्या तळ्यांत आणि नंतर चरांत सोडायचे, थेट १९९४ पर्यंत. पुढे तळी-चर खणून दूषित माती उचलली. खाली भूजलात युरेनियमचा ढग शिल्लक होता. मॉडेल केलं. केडी घेतला एक-दोनच्या आसपास, एकच आकडा सगळीकडे. उत्तर आलं: १९९३ पासून तीन ते दहा वर्षांत युरेनियम आपोआप पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेखाली जाईल. त्यावर विसंबून १९९६ मध्ये निर्णय झाला की काही करू नका, फक्त मोजत राहा.

मोजत राहिले. दहा वर्षं गेली. ढग जागेवर! दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पातळी वरखाली व्हायची, पण निघून जायचं नाव नाही.

का? इथं पुढचा भाग सावकाश वाचा, कारण मला तो गुप्तहेरकथेपेक्षा सरस वाटला. डोंगरातलं बर्फ वितळलं की कोलंबियाला पूर येतो आणि शिवाय वरच्या धरणातून पाणी सोडतील तशी ती रोज चढते-उतरते. नदी चढली की काठाखालचं भूजलही चढतं आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात शिरतं. त्या पट्ट्यात जुनं युरेनियम चिकटून बसलेलं. पाणी त्याला भिजवतं आणि उतरताना बरोबर घेऊन जातं. दरवर्षी नवा हप्ता! वर रसायनशास्त्र. तिथल्या भूजलात विरघळलेला कार्बोनेट आणि कॅल्शियम बऱ्यापैकी. या दोघांच्या संगतीत युरेनियमचे असे संयुक्त आयन बनतात की ते मातीला फारसे चिकटत नाहीत. नदीच्या पाण्यात कार्बोनेट कमी. ते आत शिरलं की तेच युरेनियम पुन्हा मातीला घट्ट धरतं. म्हणजे नदी चढली की धर, उतरली की सोड. केडी हा आकडा तिथं आठवड्यागणिक बदलत होता आणि मॉडेलनं तो दगडावर कोरून ठेवला होता. याहून वर, तिथली जमीन गोट्यांची. चिकटवून घेण्याचं काम गोट्यांमधली थोडीशी बारीक रेतीच करते. आणि काही युरेनियम कणांच्या आतल्या सूक्ष्म भेगांत जाऊन बसलेलं, तिथून ते कमालीच्या संथ गतीनं बाहेर झिरपत राहतं.

पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीतल्या जॉन झकारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीकाठी विहिरींचं दाट जाळं खणून हे एकेक सूत्र सोडवलं. २०१५ पासून तिथं जमिनीत फॉस्फेटचं द्रावण सोडून युरेनियमला खनिजात बांधायचा उपाय चालवला. म्हणजे 'काही करू नका' ते 'जमिनीत औषध टोचा' एवढा प्रवास, आणि त्याच्या मुळाशी एक आकडा!

कुणी म्हणेल, मग मॉडेल खोटंच ना? अजिबात नाही! मॉडेल नसतं तर ढग दहा वर्षांनी तिथंच आहे यात कुणाला खटकलं असतं? अंदाज मांडला म्हणून फरक दिसला, फरक दिसला म्हणून नदी सापडली. लेखापरीक्षणात आम्ही नेमकं हेच करतो. मला तर वाटतं, चुकलेल्या मॉडेलचा शोध हा बरोबर आलेल्या मॉडेलपेक्षा जास्त रसाळ असतो, आणि या विषयाची खरी गोडी तिथंच सुरू होते.

त्यानंतर मला असे किस्से हवेच होते. भाचा पुरवत गेला. हॅनफर्डलाच किरणोत्सारी कचऱ्याच्या टाक्यांतून गळलेलं सीझियम. मातीला घट्ट चिकटणारा म्हणून नावाजलेला धातू, पण गळलेल्या द्रावणात सोडियम इतकं प्रचंड होतं की मातीवरच्या बहुतेक जागा त्यानंच बळकावल्या आणि सीझियम अंदाजापेक्षा खोल उतरलं. मग नेवाडा. तिथं १९६८ मध्ये 'बेनहॅम' नावाचा भूमिगत अणुस्फोट केला होता. प्लुटोनियम पाण्यात विरघळत नाही म्हणावं इतकं कमी विरघळतं, मातीला घट्ट धरतं. त्याचा केडी बघितला तर ते जागचं हलूच नये. आणि १९९९ साली 'नेचर'मध्ये निबंध आला की स्फोटाच्या जागेपासून १.३ किलोमीटरवरच्या विहिरीत प्लुटोनियम सापडलं. त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण बेनहॅमशीच जुळत होतं. ते पोचलं कसं? भूजलात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म मातीकणांवर बसून! केडीनं सांगितलं होतं की धातू मातीला चिकटेल. चिकटलाच की! पण ती मातीच चालू लागली होती.

आणि सगळ्यात चकित करणारं प्रकरण: अमेरिकेत मेन राज्यात विन्थ्रॉप इथल्या कचराभूमीखालच्या भूजलात आर्सेनिक सापडलं. कचऱ्यातून आलं? नाही! खालच्या मातीतल्या लोहाच्या गंजावर ते निसर्गतःच बसलेलं होतं. वर कचरा कुजला, लिचेटमुळे जमिनीतला प्राणवायू संपला, तिथल्या जिवाणूंनी तो गंजच विरघळवून टाकला आणि त्यावरचं आर्सेनिक मोकळं झालं. कचऱ्यात नसलेलं विष कचऱ्यामुळे पाण्यात! गंमत म्हणजे हाच प्राणवायूचा अभाव क्रोमियमच्या बाबतीत उपकारक ठरतो. तो पळपुटा सहा संयुजी क्रोमेट तीन संयुजी होतो आणि जागीच साका होऊन बसतो. एकाच लिचेटमुळे एक धातू जेरबंद आणि दुसरा मोकाट. हे सगळं बघायला अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा पीएचआरईईक्यूसी नावाचा प्रोग्राम आहे. पाण्यात कोण कोण आहे, आम्लता किती, प्राणवायू किती, हे भरायचं. कोण विरघळेल आणि कोण साका होईल ते तो सांगतो. हाही फुकट. दिसायला रुक्ष, पण मी त्यात शिशाच्या पाण्याची आम्लता थोडी थोडी वाढवत बसते आणि विरघळलेल्या शिशाचा आकडा उसळताना बघते. घरच्यांना वाटतं मी पत्ते खेळते.

एवढं कळल्यावर नजर आपल्या जमिनीवर वळणारच. सासरच्या शेतातली विहीर मी लग्न झाल्यापासून पाहते आहे. आता वाकून नीट पाहिली. वर काळी, तिच्याखाली चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग कातळ आणि कातळाच्या सांध्यांतून फुटलेले झरे. अहो, हा तर माझ्या हायड्रसमधला स्तंभ उभा कापून दाखवलेला!

आपली काळी माती धातू धरण्यात मोठी तरबेज. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज ऋणभारानं ठासून भरलेलं, शिवाय माती अल्कधर्मी, चुना भरपूर. शिसं, कॅडमियम इथं सहसा लांब जात नाहीत. पण क्रोमेटला ही माती मोकळी सोडते. आणि युरेनियमला? हॅनफर्डचा धडा आठवा; कॅल्शियम आणि कार्बोनेट हे त्याचे सोबती, आणि आपल्याकडे दोन्हींची रेलचेल. उलट कोकणातला जांभा बघा. आम्लधर्मी, लोहाच्या ऑक्साइडनं लाल. तिथं क्रोमेट आणि आर्सेनिक लोहाला धरून थांबतात, आणि शिसं-कॅडमियम मात्र देशावरच्यापेक्षा सहज हलतात. कोकणात थांबेल ते देशावर पळेल! एका राज्यात दोन ठिकाणी तोच केडी वापरणाऱ्या माणसाला मी तरी सही देणार नाही.

क्रोमेट पळतं म्हणजे काय होतं ते तमिळनाडूत रानीपेठला दिसलं. तिथं बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त गाळ उघड्यावर पडून राहिला आणि आजूबाजूच्या भूजलात सहा संयुजी क्रोमियम उतरलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथं तपास केला. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. शिशाची ०.०१, कॅडमियमची ०.००३. एवढ्याशा आकड्यांसाठी हा सगळा खटाटोप!

पण काळीची एक खोड साऱ्या गणितावर पाणी फिरवते. भेगा! चैत्र-वैशाखात आमच्या शेतात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. वळवाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांत सरळ कोसळतो. मातीच्या कणांशी गाठ पडायच्या आत पाणी मुरमापर्यंत पोचलेलं असतं. धातू चिकटायला माती भेटली तर पाहिजे! प्रयोगशाळेत वाळवून, कुटून, चाळून घेतलेल्या मातीचा केडी कितीही भारी येवो, भेगेतून गेलेल्या पाण्याला त्याचं सोयरसुतक नाही. आणि खाली कातळात तर सगळा कारभारच सांध्यांचा. पाऊस पडला की विहिरीचं पाणी गढूळ होतं ना? तो गढूळपणा म्हणजे भेगेतून आलेली माती. नेवाडातलं प्लुटोनियम ज्यावर बसून गेलं, त्याच जातीची वाहनं.

हायड्रसमध्ये यासाठीही सोय आहे. मातीचे दोन भाग धरायचे, एक भेगांचा, एक कणांचा, आणि दोघांत देवघेव ठेवायची. मी तसं केलं. काळीच्या स्तंभातून शिशाची जी रेघ आधी जमिनीच्या वरच्या टोकाला चिकटून होती, तिला पहिल्याच पावसात एक बारीक लांबलचक शेपूट फुटलं. प्रमाण अगदी कमी, पण खोल. परिशिष्टात हे शेपूट नव्हतं, कारण परिशिष्टात भेगाच नव्हत्या. आणि केडीसमोर तळटीप होती: 'प्रकाशित साहित्यावरून'. कुठल्या मातीचा, कुठल्या देशातला, किती आम्लतेला, काही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं १९९९ मध्ये केडीच्या जगभरच्या नोंदी जमवल्या. एकट्या युरेनियमचे आकडे एकापेक्षा कमी ते लाखांच्या घरात! त्यातून एक उचलायचा म्हणजे उत्तर आधी ठरवून बेरीज करायची.

समासात शेरे वाढत चाललेत. भाचा म्हणतो, मावशी, आता तू असह्य झाली आहेस. असू दे. मला आता कुठलीही टेकडी, कुठलाही खड्डा, कुठलाही बांधकामाचा पाया दिसला की प्रश्न पडतो: याच्याखाली काय काय चाललं असेल, किती वर्षांचं, किती वेगानं? फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोवरून कितीदा गेले असेन. नाकाला रुमाल लावायचे आणि काच वर करायचे. आता काच खाली करून जमिनीचा उतार बघते, विहिरी कुठल्या बाजूला आहेत ते बघते.

तुमच्याकडे अशा प्रकल्पाची जनसुनावणी लागली, तर मराठी सारांश वाचून थांबू नका. पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला ठेवलेला असतो. तो मागा आणि मॉडेलचं परिशिष्ट उघडा. केडी कुठल्या मातीवर मोजला ते विचारा. पाऊस महिन्यांचा घातला की वर्षाच्या सरासरीचा, भेगा आणि कातळातले सांधे धरले की नाही, लिचेटमध्ये प्राणवायू संपला तर काय होईल हे पाहिलं का, ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. गणिताची धास्ती असेल तर या लेखातली ४०१ ची बेरीज एकदा स्वतः करा, ती सातवीतल्या मुलालाही येते. नोटीस निघाल्यापासून सुनावणीपर्यंत किमान तीस दिवस द्यावे लागतात. हायड्रस-१डी शिकून आपल्या गावचा एक स्तंभ चालवून बघायला तेवढे दिवस पुरतात.